सातारच्या पावसात ट्रेलर चार महिने उभा कसा ठेवायचा – जागेपासून ताडपत्रीपर्यंत सगळं

मे संपत आला की ज्यांच्याकडं गाडीमागं ओढायचा कॅम्पिंग ट्रेलर आहे त्या सगळ्यांचा एकच प्रश्न सुरू होतो, आता हा ऑक्टोबरपर्यंत ठेवायचा कुठं आणि कसा. 2021 ला राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यानंतर वाई, तापोळा, कास या बाजूला असे ट्रेलर दिसायला लागलेत, कुणी तयार घेतलाय, कुणी फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलाय, आणि सांभाळायचा कसा ही माहिती मात्र बहुतेकांनी घेतलीय परदेशातल्या व्हिडिओवरून. त्या व्हिडिओत सगळा भर बर्फावर असतो. छतावर बर्फ साचून छत दबतं, पाईपातलं पाणी गोठून पाईप फुटतो, म्हणून ते लोक पाईपात अँटीफ्रीझ भरतात. आपल्याकडं वेण्णा लेकला थंडीत हिमकण दिसतात तेवढंच, त्यानं काही पाईप फुटत नाहीत, तेव्हा अँटीफ्रीझवर एक रुपया घालवू नका.

पण वजनाचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे, उलट जास्तच आहे. ताजा भुसभुशीत बर्फ फूटभर साचला तरी एका चौरस मीटरवर साधारण तीस किलो वजन पडतं, तेच फूटभर पाणी साचलं तर तीनशे किलो. आता हिशोब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. सोळा बाय सात फुटाच्या ट्रेलरचं छत धरा दहा चौरस मीटर. महाबळेश्वरला 23 जुलै 2021 ला सकाळी संपलेल्या चोवीस तासात 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, म्हणजे तेवढ्या छतावर एका दिवसात सहा हजार लिटरच्या आसपास पाणी आलं असतं. एक आख्खा टँकर. हे पाणी वाहून गेलं तर काहीच होत नाही, थांबलं तर छत, ताडपत्री, सांगाडा सगळं घेऊन खाली येतं. म्हणून खाली जे जे सांगतोय ते सगळं दोनच गोष्टींसाठी आहे, बाहेर पाणी थांबू द्यायचं नाही आणि आत ओल थांबू द्यायची नाही.

आधी जागा, बाकी सगळं नंतर

माझं स्पष्ट मत आहे की ट्रेलर महाबळेश्वर, बामणोली, कोयनानगर, कास या पट्ट्यात असेल तर पावसाळ्याचे चार महिने तो तिथं ठेवूच नका, खाली आणा. आपला जिल्हा असा आहे की पश्चिमेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि पूर्वेला माण-खटावला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. म्हणजे दोन-तीन तास गाडी ओढली की पाऊस दहापटीनं कमी होतो, आणि एवढं संरक्षण कुठलीही भारीतली ताडपत्री देऊ शकत नाही. दहिवडी, वडूज, फलटण, कोरेगाव, नाहीतर सांगलीकडं आटपाडी, जत, तासगाव, इकडं कुणी पाव्हणा असेल, मामाचं शेत असेल, ट्रॅक्टरच्या शेडमधे जागा असेल तर आधी तिथं फोन लावा. फक्त शेडची उंची मोजून घ्या, छतावर एसी किंवा व्हेंट (हवेची झडप) असेल तर ट्रेलर साडेनऊ फुटापर्यंत जातो. अजून एक, रिकामी पोल्ट्री शेड आहे म्हणून हुरळून जाऊ नका, खाली कोंबड्यांची जुनी विष्ठा राहिलेली असेल तर तिच्यातून अमोनिया सुटतो आणि तो अ‍ॅल्युमिनियम, वायरिंग, पितळी जोड सगळं खातो. खताच्या गोडाऊनचंही तसंच.

पूररेषेच्या आत तर अजिबात नको. वाईचा नदीघाट, कराडला संगमाच्या आसपास, सांगलीत नदीकाठचा भाग, या जागा एरवी छान सपाट आणि मोकळ्या दिसतात पण 2019 च्या ऑगस्टमधे सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोका पातळी 45 फूट आहे, त्यावरून अंदाज घ्या. आणि ट्रेलर जड आहे, वाहून जाणार नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. खालून बंद असलेला ट्रेलर तरंगतो. दहा चौरस मीटरची बॉडी असेल तर फरशीच्या वर नुसतं वीतभर पाणी चढलं तरी दोन टनाच्या आसपास वजन उचललं जातं, आणि आपले बहुतेक ट्रेलर दीड टनाच्या आतबाहेर असतात. पाणी आत शिरून तो पुन्हा खाली बसायच्या आत कुणाच्या तरी भिंतीवर आदळलेला असतो.

घाटमाथ्यावर ठेवणं ज्यांना भागच आहे, म्हणजे तिथंच रिसॉर्ट आहे किंवा घर आहे, त्यांनी तीन गोष्टी बघायच्या. वर झाड नको, खास करून सिल्व्हर ओक आणि निलगिरी, जुलैच्या वाऱ्यात ही झाडं आणि त्यांच्या फांद्या पडतात. मागं कापलेली डोंगराची कड नको, दरड फक्त रस्त्यावरच येते असं नाही. आणि पश्चिमेला काहीतरी आडोसा हवा, भिंत, घर, दाट कुंपण, काहीही.

उभा करताना

जमीन काळी असेल तर नुसती गाडी लावून सोडू नका, काळी माती भिजली की फुगते आणि टायर खाली बसतो, मग एक बाजू कलते आणि पाणी नको तिकडं वाहतं. सहा इंच मुरूम टाकून दाबून घ्या, वर खडी, आणि चारी बाजूनं वीतभर खोल चर काढून उताराच्या दिशेला मोकळा करा. छतावरून पडणाऱ्या पागोळ्यांचं पाणी चाकाखाली मुरता कामा नये म्हणून चर पागोळीच्या रेषेतच घ्यायचा.

तोंड कुठं करायचं हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडं जून ते ऑगस्ट वारं आणि पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून येतो, आणि घाटमाथ्यावर तर तो पडत नाहीच, आडवा मारतो. म्हणून हिचची, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकाची, बाजू नैऋत्येला करायची. म्हणजे अरुंद बाजू वाऱ्यावर येते, वारा कमी धरला जातो, आणि ट्रेलरचा दरवाजा बहुतेक डाव्या हाताला असतो तो आपोआप आग्नेयेला, आडोशाला जातो. जॉकी व्हील, म्हणजे पुढचं छोटं आधाराचं चाक, फिरवून तोंड दोन-तीन इंच वर घ्या, आणि डावी-उजवीकडं पण किंचित उतार ठेवा, दरवाजाच्या उलट्या बाजूला. लेव्हल बघायला मोबाईल चालतो पण छतावर एक मग पाणी ओतून कुठं जातंय ते बघणं सगळ्यात खात्रीचं.

एक लक्षात ठेवा, सप्टेंबरच्या शेवटी उत्तरा-हस्ताचा पाऊस सुरू झाला की चित्र उलटं होतं. परतीचा पाऊस दुपारनंतर पूर्वेकडून विजा घेऊन येतो आणि तीन महिने कोरडी राहिलेली दरवाजाची बाजू झोडपून काढतो. जे लोक श्रावणानंतर निर्धास्त होऊन पूर्वेकडचं आवरण काढून ठेवतात त्यांच्याकडं नेमकी तेव्हा ओल येते.

हँडब्रेक सोडून ठेवा. दमट हवेत चार महिने ओढलेला राहिला की ब्रेक लायनर ड्रमला चिकटतो आणि ऑक्टोबरला चाक फिरतच नाही. त्याऐवजी प्रत्येक चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा चांगले मोठे दगड. टायरमधे हवा कंपनीनं सांगितलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरा, आणि जमत असेल तर अ‍ॅक्सलखाली स्टँड देऊन चाकं जमिनीपासून बोटभर उचला. स्टँड अ‍ॅक्सललाच द्यायचा, स्प्रिंगच्या बैठकीजवळ, फरशीखाली कधीच नाही. कोपऱ्यातले चार जॅक हे ट्रेलर हलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नसतात, तेव्हा ते नुसते टेकवा आणि खाली फळी द्या. फळीला आधी जळकं ऑइल मारा नाहीतर त्याच फळीवरून वाळवी वर चढते.

वळवाच्या पावसात छत तपासा

मे मधला वळीव ही फुकटची परीक्षा आहे. एखादा जोरदार वळीव होऊन गेला की लगेच आत जाऊन टॉर्च भिंतीला समांतर धरून मारा, म्हणजे उजेड तिरका पडला पाहिजे. फुगलेला प्लाय, सुरकुतलेला लॅमिनेट, हे समोरून दिसत नाही पण तिरक्या उजेडात लगेच दिसतं. मग अंगठ्यानं दाबत जा. छताचे चारी कोपरे, खिडकीच्या खालचे दोन कोपरे, व्हेंटच्या भोवती, आणि कपाटाच्या आत मागच्या बाजूला. जिथं अंगठा जरा जरी आत जातो तिथं आतलं लाकूड कुजायला लागलंय.

वळीव झाला नाही तर पाईपनं पाणी मारा, पण प्रेशर पंप नको, तो चांगलं रबरसुद्धा उचकटतो. साधा पाईप, आणि खालून वर जायचं. आधी खिडकीची खालची कड पाच-दहा मिनिटं, मग बाजू, मग वरची कड, मग छताचा जोड. एक जण आत टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडं पसरतं आणि गळती नक्की कुठली ते कळत नाही. आणि आत थेंब जिथं पडतो तिथंच वर भोक असेल असं धरून चालू नका, पाणी छताच्या आतल्या पट्टीवरून चार-पाच फूट प्रवास करून येतं.

छतावर जाताना प्लायची फळी टाकून तिच्यावर गुडघे टेका, दोन पट्ट्यांच्या मधे पाय देऊ नका. तिथं गेल्यावर सगळ्यात आधी व्हेंटची फ्रेम बघा. जवळून बघितलं की स्क्रूच्या डोक्याभोवती तांबूस वलय दिसतं, सिलंटला (जोड बुजवणाऱ्या लेपाला) केसासारखी बारीक चीर असते आणि चिरेत काळी धूळ भरलेली असते. धूळ जाते म्हणजे पाणीही जातं. अशा ठिकाणी वरून अजून एक थर फासणं हे काम नाही. जुनं प्लास्टिकच्या खरवडणीनं काढा, लोखंडी पात्यानं पत्र्यावर चरे पडतात. मग स्पिरिटनं पुसा, एक आख्खा दिवस ऊन खाऊ द्या. फ्रेम सैल झाली असेल तर खोलून खाली ब्युटाईल टेप (मऊ चिकट रबरी पट्टी) लावा, स्क्रू थोडे थोडे समोरासमोरचे आवळत जा म्हणजे टेप सगळीकडून सारखी बाहेर येते, आणि मग वरून पीयू (पॉलियुरेथेन) किंवा एमएस पॉलिमर सिलंट, दोन्ही लवचिक राहतात.

साधं आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका. तो वास अ‍ॅसिडचा असतो, अ‍ॅल्युमिनियमला आणि स्क्रूला ते लागतं, आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. इपॉक्सी पुट्टी, जिला आपण सगळे एम-सील म्हणतो, ती घरातल्या नळाला उत्तम आहे पण ट्रेलरची बॉडी रस्त्यावर सारखी लवते आणि ती कडक असल्यामुळं कडेनं सुटते. सिलंट आतपर्यंत पक्कं व्हायला वेळ लागतो, जाड थर असेल तर आठवडा धरा, म्हणून हे काम मृग लागायच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही, मेच्या मध्यालाच उरका.

ताडपत्री – इथंच सगळे चुकतात

बाजारातून मोठी निळी ताडपत्री आणायची, ट्रेलरवर टाकायची, चारी बाजूनं करकचून बांधायची, ही पद्धत सगळीकडं दिसते आणि हीच सगळ्यात जास्त नुकसान करते. एक तर वाऱ्यानं ताडपत्री दिवसरात्र फडफडते आणि कडेला, व्हेंटच्या टोकाला घासून रंग आणि सिलंट दोन्ही खाते. दुसरं, आतली ओल बाहेर जायला वाट राहात नाही, ताडपत्रीच्या खालच्या अंगाला पाणी धरतं आणि ट्रेलर आतून-बाहेरून भिजलेलाच राहतो. तिसरं, सपाट छतावर ताडपत्रीला झोळ पडतो. पाच बाय चार फुटाचा झोळ, सरासरी चार इंच पाणी, हे झालं पावणेदोनशे-दोनशे किलो. तीन माणसं रात्रंदिवस एका जागी छतावर उभी आहेत असं समजा.

ताडपत्री ट्रेलरला लागलीच नाही पाहिजे. त्यासाठी वेगळा सांगाडा करायचा. परमनंट करायचा असेल तर चार किंवा सहा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपचे खांब, वर कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा), आणि पत्रा. खर्च जास्त आहे पण दरवर्षीची कटकट जाते आणि उन्हाळ्यात सावलीही मिळते. तात्पुरता करायचा तर बांबू चालतात, जाड आणि पक्के बघून घ्या.

मापाचं साधं गणित असं. ताडपत्रीचं छप्पर ट्रेलरपेक्षा चारी बाजूनं किमान दोन-अडीच फूट बाहेर आलं पाहिजे. मधला आढ्याचा बांबू कडेच्या बांबूपेक्षा किती उंच ठेवायचा, तर छपराच्या निम्म्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त. म्हणजे छप्पर बारा फूट रुंद असेल तर निम्मं सहा, त्याचं निम्मं तीन, तर आढं कडेपेक्षा तीन ते साडेतीन फूट वर. यापेक्षा कमी उतार ठेवला की कुठंतरी झोळ पडतोच. आणि दोन कैच्यांच्या मधे दोन-अडीच फुटापेक्षा जास्त अंतर नको, त्यामधे नायलॉनची दोरी आडवी-तिडवी विणून घ्या म्हणजे ताडपत्रीला खालून आधार मिळतो. छपराची कड आणि ट्रेलरचं छत यात फूटभर तरी मोकळी हवा राहू द्या.

ताडपत्री घेताना जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, विचारा. नव्वद-एकशेवीस जीएसएमची स्वस्त ताडपत्री वैरण झाकायला ठीक आहे, इथं दोनशेच्या पुढचीच घ्या, अतिनील किरणांना टिकणारी आहे का ते विचारा, आणि कडेची शिवण आणि कड्या हातानं ओढून बघा. जोड असलेली घेतली तर जोड उताराच्या दिशेनं यायला हवा, आडवा आला तर पाणी तिथं अडतं.

बांधताना दोरी सरळ कडीतून ओढून खुंटीला बांधू नका. मधे जुन्या टायरच्या ट्यूबचा वीतभर पट्टा घाला, प्रत्येक कडीला एक. पंक्चरच्या दुकानात फाटक्या ट्यूबा मागितल्या की मिळतात. वारा आला की ट्यूब ताणते आणि परत येते, कडी फाटत नाही, आणि नायलॉनची दोरी भिजून सैल पडली तरी ताण राहतो. मी तर म्हणेन की चांगली ताडपत्री आणि साधी बांधणी यापेक्षा मध्यम ताडपत्री आणि ट्यूबची बांधणी जास्त टिकते. खुंट्या मात्र भिजल्या मातीतून निघतात, तेव्हा दोन फूट खड्ड्यात काँक्रीट, नाहीतर पाण्यानं भरलेले दोनशे लिटरचे ड्रम, झाकण घट्ट लावून, नाहीतर डासांची पैदास होते. सांगाड्याची एकही दोरी ट्रेलरला बांधायची नाही, वाऱ्याचा हिसका थेट बॉडीला बसतो.

आडव्या पावसाचं काय. त्याला महाबळेश्वरवाल्यांनी फार पूर्वीच उत्तर शोधलंय, पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना गवताच्या झड्या लावतात, आता काही ठिकाणी प्लास्टिकच्या असतात. तसंच करा, पण झडी ट्रेलरला टेकवून नाही, सांगाड्याच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला, खाली फूटभर मोकळं सोडून. गवताची झडी मला प्लास्टिकपेक्षा बरी वाटते, पाणी अडवते आणि हवा थोडी थोडी जाऊ देते. पूर्व आणि उत्तर बाजू मोकळी, फक्त हस्ताच्या पावसासाठी गुंडाळून वर बांधलेलं एक कापड तयार ठेवा. घाटमाथ्यावर माकडं भरपूर आहेत, ती ताडपत्रीवर उड्या मारतात आणि आत खायचा वास आला तर फाडतात, म्हणून आत एक बिस्किटसुद्धा ठेवायचं नाही.

आतली ओल

पहिलं काम, आतलं सगळं कापडी बाहेर. गाद्या, उशा, पडदे, चटया घरी न्या. नेणं जमलंच नाही तर गाद्या भिंतीपासून लांब उभ्या करा, आडव्या ठेवल्या की खालच्या प्लायला बुरशी येते. कपाटं, ड्रॉवर, ओव्हन सगळ्यांची दारं उघडी, फ्रीज पुसून कोरडा करून दारात टॉवेलची घडी अडकवायची म्हणजे ते बंद होणार नाही.

आता खिडकी-व्हेंट उघडं ठेवायचं की बंद, यावर दोन्ही बाजूचे लोक ठामपणे बोलतात आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. सातारा शहर, कोरेगाव, फलटण, सांगली इथं पावसात उघडीप असते, ऊन पडतं, तिथं छपराखाली व्हेंट दोन बोटं उघडं आणि त्याला बारीक जाळी, हे सगळ्यात चांगलं. पण महाबळेश्वर, कोयनानगरला आठवडेच्या आठवडे धुकं जमिनीवर असतं, तिथली बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली आहे, व्हेंट उघडं ठेवलं तर तुम्ही धुकं आत घेताय. तिथं बंद करायचं आणि आत ओल शोषणारं काहीतरी ठेवायचं.

त्यासाठी कॅल्शियम क्लोराईडच्या पिशव्या मिळतात, कपाटात टांगायच्या असतात, खाली पाणी जमतं. त्या पिशव्या धातूवर किंवा लाकडावर सांडल्या तर डाग पडतात आणि गंज चढतो, म्हणून खाली प्लास्टिकची तसराळी ठेवा आणि भरली की बदला. वीज असेल आणि रोज कुणी बघणारं असेल तर छोटा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) 60 टक्क्यांवर लावून त्याचा पाईप बाहेर सोडला की बाकी काही करायला नको. कळीचा चुना ठेवतात काही जण, तो नको, पाणी पडलं तर तापतो. एक साधा डिजिटल आर्द्रता मीटर आत ठेवा, महाग नसतो. आकडा सारखा 70 च्या वर राहायला लागला तर बुरशी येणारच, तुम्हाला दिसायच्या आधी नाकाला कळेल.

पाणी, गॅस, बॅटरी

पाण्याच्या टाक्या पूर्ण रिकाम्या, नळ उघडे, पंप काही सेकंद कोरडा फिरवून पाईपातलं पाणी काढून टाका. गोठायची भीती नाही पण चार महिने साठलेल्या पाण्याला शेवाळ आणि वास येतो. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, धुवून वाळवून ठेवा, तिच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारा, व्हॅसलीन नको, त्यानं रबर फुगतं. बेसिनच्या खालचं पाणी वाळलं की झुरळं त्या वाटेनं येतात, बूच लावा.

गॅसचा सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, ट्रेलरच्या बाहेर हवेशीर जागी उभा ठेवा, आडवा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्यासाठीच फरशीला भोकं ठेवलेली असतात. उंदीर येतात म्हणून ती भोकं बोळे घालून बंद करणारे बघितलेत, तसं कधीच करू नका, स्टीलची जाळी ठोका.

बॅटरी लेड अ‍ॅसिडची असेल तर पूर्ण चार्ज करून, साधारण 12.7 व्होल्ट दिसले पाहिजेत, काढून घरी न्या आणि महिन्यातून एकदा चार्जला लावा. लिथियम असेल तर पूर्ण भरून ठेवू नका, 50-60 टक्क्यांवर ठेवा. काढताना आधी निगेटिव्ह. सोलर पॅनल ताडपत्रीखाली गेलं की त्याचा उपयोग नाही, तोही सुटा करा. आणि बाहेरच्या विजेची वायर कामापुरतीच लावायची, विजांच्या दिवसात तर लावून ठेवायचीच नाही.

उंदीर, मुंग्या आणि बाकीचे पाव्हणे

पाऊस सुरू झाला की शेतातले उंदीर कोरडी जागा शोधतात आणि उंदरामागं साप येतो. फरशीखाली जिथून पाईप आणि वायर आत जाते तिथं बोट जाईल एवढी फट असते, ती तारेच्या घासणीनं भरून वरून सिलंट लावा, नुसता फोम उंदीर एका रात्रीत कुरतडतो. ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या सात पिनच्या प्लगला प्लास्टिकची पिशवी बांधून तोंड खाली करा. फ्रीजच्या मागच्या व्हेंटमधे गांधीलमाश्या घर करतात, तिथं बारीक जाळी. भोवतालचं गवत कापलेलं ठेवा, हे एक काम केलं तरी निम्मा त्रास कमी होतो.

मधे मधे बघायला जाणं

चार महिने झाकून विसरून गेलात तर वरचं सगळं वाया. महिन्यातून दोनदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर कुणीतरी गेलंच पाहिजे. तुम्ही पुण्या-मुंबईला असाल तर तिथल्या शेतावरच्या दादांना नाहीतर काकांना सांगून ठेवा आणि नुसतं बघून या असं सांगू नका, चार गोष्टी सांगा. ताडपत्रीत कुठं पाणी साचलंय का, असेल तर खालून बांबूच्या टोकानं नाही, बोथट केरसुणीच्या दांड्यानं हळू कडेकडं ढकला. दोऱ्या सैल झाल्यात का. चर तुंबलाय का. आणि दार उघडून आत कुबट वास येतोय का. दोन दिवसाची उघडीप मिळाली की दार-खिडक्या सकाळी दहा ते चार उघड्या टाका, संध्याकाळी दव पडायच्या आत बंद.

कुठं बुरशी दिसलीच तर कोरड्या कापडानं झटकू नका, ती उडते आणि सगळीकडं बसते. मास्क लावा, व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसा, मग कोरडं पुसा. आणि ती जिथं आली तिथं ओल कुठून आली ते शोधा, एकाच कोपऱ्यात असेल तर गळती आहे, सगळीकडं पातळ पसरलेली असेल तर हवेतली ओल आहे, दोन्हीचा इलाज वेगळा.

ऑक्टोबरला बाहेर काढताना

परतीचा पाऊस थांबला याची खात्री झाली की आधी ताडपत्री सोडा, धुवा, दोन्ही बाजूनं वाळवा आणि मगच घडी घाला, ओली घडी घातली की पुढच्या वर्षी शिवण सुटते. ट्रेलर ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस सगळी दारं उघडी टाकून तापू द्या. पुन्हा एकदा तिरका टॉर्च आणि अंगठा, मे मधे जिथं ठीक होतं तिथं आता मऊ लागतंय का ते बघा, मे मधले फोटो काढून ठेवले असतील तर फार उपयोग होतो.

टाकी क्लोरीनच्या पाण्यानं धुवून दोनदा रिकामी करा. गॅस जोडल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा, काडी लावून तपासायचं नाही. चाक हातानं फिरवून बघा, आतून खरखर आवाज येत असेल तर बेअरिंग खोलून साफ करून नवीन ग्रीस भरून घ्या, पाणी गेलेलं ग्रीस दुधट दिसतं, ते पुसून परत वापरू नका. हँडब्रेक तीन-चार वेळा ओढून सोडा. टायरच्या बाजूला बारीक भेगा असतील तर नक्षी कितीही चांगली असली तरी टायर बदला. टेललाईट, इंडिकेटर, ब्रेक लाईट जोडून बघा, सात पिनच्या प्लगमधे हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. विमा आणि आरटीओचे कागद पावसाळ्यात संपलेले असतात आणि लक्षात राहात नाही, तेही बघा.

पहिल्या दिवशीच पसरणीचा किंवा आंबेनळीचा घाट नको. आधी हायवेला सपाट रस्त्यानं थोडं ओढून आणा, थांबून सगळ्या चाकांचे हब (चाकाचा मधला भाग) हातानं चाचपा, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर त्या चाकाचा ब्रेक नाहीतर बेअरिंग धरतंय. आणि चाकं काढून परत बसवली असतील तर पन्नासेक किलोमीटर झाल्यावर नटबोल्ट पुन्हा एकदा पान्यानं आवळून घ्या.